कूटचलनाची किल्ली आणि सामान्य वापरकर्ता : सुरक्षित साठवण व व्यवहारांचा ऐतिहासिक आढावा (२००९ ते २०२५)

गोषवारा :
क्रिप्टोकरन्सी अर्थात कूटचलन वापरणाऱ्या सामान्य माणसापुढे पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न उभा आहे. तो म्हणजे किल्ली कोणाच्या ताब्यात ठेवावी? प्रस्तुत शोधनिबंधात बिटकॉइनच्या प्रारंभापासून २०२५ पर्यंत या प्रश्नाची उत्तरे कशी बदलत गेली, प्रत्येक उत्तरातून कोणता नवा धोका निर्माण झाला आणि भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील अनुभव काय सांगतो, याचा आढावा घेतला आहे.

बीजसंज्ञा : कूटचलन, खासगी किल्ली, वॉलेट, एक्स्चेंज, ताबा, ठेव विमा.

१. प्रस्तावना
संपत्ती सुरक्षित ठेवण्याचे दोन मार्ग मानवाला पूर्वापार ज्ञात आहेत. पहिला मार्ग ती स्वतःजवळ ठेवण्याचा. जमिनीत पुरलेला हंडा, भिंतीतील कोनाडा, घरातील लोखंडी तिजोरी ही त्याची उदाहरणे होत. दुसरा मार्ग ती विश्वासू माणसाच्या किंवा संस्थेच्या हवाली करण्याचा. पेढी, सावकार आणि पुढे बँक हे या मार्गावरील टप्पे होत. पहिल्या मार्गात चोरी व विस्मरणाचे भय असते, तर दुसऱ्यात विश्वासघाताचे. आधुनिक राज्यसंस्थेने दुसऱ्या मार्गावरील भय कायद्याने कमी करण्याचा प्रयत्न केला. भारतात १९६० मध्ये केरळमधील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर ठेव विम्याचा कायदा झाला व १ जानेवारी १९६२ पासून ठेवीदाराच्या १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीस संरक्षण मिळाले. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आल्यानंतर मुंबई परिसरातील ठेवीदारांचे हाल सर्वांनी पाहिले. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली. बँकांच्या पतनातून ठेवीदाराच्या पदरात काही ना काही संरक्षण पडत गेले, असा हा इतिहास आहे.

कूटचलनाचा इतिहास मात्र वेगळ्या दिशेने गेला. तेथे प्रत्येक पतनानंतर वापरकर्त्याच्या हाती नवे साधन आले, पण त्याबरोबर जबाबदारीचे ओझेही त्याच्याच खांद्यावर आले. हे स्थित्यंतर कसे घडले, हा या निबंधाचा मुख्य विषय होय.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती
१) कूटचलनाच्या साठवणुकीच्या पद्धतींचे ऐतिहासिक टप्पे स्पष्ट करणे. २) प्रमुख चोऱ्या व पतनांची कारणे तपासणे. ३) भारतीय वापरकर्त्याची कायदेशीर स्थिती समजून घेणे. ४) या इतिहासातून दैनंदिन व्यवहारासाठी उपयुक्त बोध काढणे. सदर अभ्यास दुय्यम साधनांवर आधारित असून त्यात वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे. कूटचलनात गुंतवणूक करावी की करू नये, हा प्रश्न या अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे.

३. पूर्वपीठिका : किल्लीची संकल्पना
कूटचलनाची मुळे संकेतशास्त्रात आहेत. १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना प्रसिद्ध केली. या पद्धतीत एकमेकींशी गणिती नाते असलेल्या दोन किल्ल्या असतात. एक जगाला सांगता येते, दुसरी गुप्त ठेवावी लागते. या शास्त्राचा आधार घेऊन डेव्हिड चॉम यांनी इलेक्ट्रॉनिक रोकडीचा प्रयोग केला. परंतु १९८९ मध्ये स्थापन झालेली त्यांची डिजिकॅश ही कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि तिच्याबरोबर ते चलनही संपले. चलन एखाद्या कंपनीवर अवलंबून असेल तर कंपनीबरोबर ते बुडते, हा त्यातील धडा होता.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली होती. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनची साखळी सुरू झाली. तिच्या पहिल्याच नोंदीत लंडनच्या 'द टाइम्स' मधील, बँकांना वाचविण्यासंबंधीच्या बातमीचा मथळा कोरलेला आहे. विश्वासू मध्यस्थाची गरजच उरू नये, हा या रचनेचा हेतू होता.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'वॉलेट' या शब्दामुळे नाणी पाकिटात असतात असे वाटते. प्रत्यक्षात नाणी कोठेच नसतात. जगभरातील हजारो संगणकांवर एकच खातेवही असते आणि अमुक पत्त्यावर अमुक रक्कम आहे, एवढीच नोंद तीत असते. ती रक्कम हलविण्यासाठी त्या पत्त्याच्या खासगी किल्लीने सही करावी लागते. ही किल्ली म्हणजे सुमारे ७८ अंकी मर्यादेतील एक यादृच्छिक संख्या होय. वॉलेटमध्ये असते ती केवळ ही संख्या. ती ज्याच्या हाती, तो व्यवहारतः मालक.

बँकेच्या लॉकरशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. लॉकरची किल्ली हरवली तर रीतसर अर्ज करून, शुल्क भरून लॉकर फोडून घेता येतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, आग वा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीच्या प्रसंगी बँकेवर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत दायित्व येते. बिटकॉइनच्या खातेवहीला मात्र अर्ज करण्याची खिडकीच नाही. हरवलेली किल्ली कोणी नव्याने देऊ शकत नाही आणि चोराने केलेली सही कोणी रद्द करू शकत नाही.

४. पहिला टप्पा : घरातील संगणक (२००९ ते २०१३)
आरंभीच्या वापरकर्त्यांना ही किल्ली मौल्यवान वाटत नव्हती. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतील एका संगणकतज्ज्ञाने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले, यावरून त्या काळातील मोल लक्षात येते. किल्ल्या संगणकातील एका साध्या फाइलमध्ये राहत. त्या फाइलला सांकेतिक कुलूप लावण्याची सोय मूळ प्रणालीत सप्टेंबर २०११ मध्ये आली. तत्पूर्वी जून २०११ मध्ये एका वापरकर्त्याने आपल्या संगणकातून सुमारे २५,००० बिटकॉइन चोरीस गेल्याचे जाहीर केले होते. फाइलची नक्कल झाली की संपत्तीही गेली, हे त्या घटनेने दाखविले.

चोरीइतकेच नुकसान विस्मरणाने व निष्काळजीपणाने झाले. वेल्समधील न्यूपोर्ट येथील एका रहिवाशाची, सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. कचराभूमी उकरण्याची परवानगी मिळावी म्हणून त्याने केलेला दावा न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळला. सॅन फ्रान्सिस्को येथील एका संगणकतज्ज्ञाच्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली सांकेतिक साधनात आहे; परंतु त्याचा परवलीचा शब्द लिहिलेला कागद हरवला. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर ते साधन स्वतःला कायमचे बंद करते. २०२१ मध्ये ही हकिगत प्रसिद्ध झाली, तेव्हा आठ प्रयत्न वाया गेले होते.

किल्ली कागदावर छापून ठेवण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली. कागदावर संगणकीय चोराचा हात पोहोचत नसला तरी किल्ली निर्माण करणारे यंत्र सदोष असल्यास कागदाचाही उपयोग नसतो. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइड फोनमधील यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या भागात दोष आढळला आणि त्यावर तयार झालेल्या किल्ल्या असुरक्षित ठरल्या. सारांश, संपत्ती स्वतःजवळ ठेवण्याच्या जुन्या मार्गावरील सर्व भये नव्या रूपात परत आली.

५. दुसरा टप्पा : एक्स्चेंजचा आश्रय
या भयांमुळे व खरेदी-विक्रीच्या सोयीमुळे सामान्य वापरकर्ता एक्स्चेंजकडे वळला. तेथे किल्ली कंपनीकडे राहते आणि ग्राहकास पडद्यावर शिल्लक दिसते. ज्या मध्यस्थास वगळण्यासाठी ही व्यवस्था जन्मली, तोच मध्यस्थ अवघ्या दोन-तीन वर्षांत परतला. परतला तो मात्र परवाना, लेखापरीक्षण आणि ठेव विमा यांपैकी काहीही बरोबर न घेता.

टोकियो येथील माउंट गॉक्स हे त्याचे ठळक उदाहरण होय. २०१० मध्ये सुरू झालेले हे एक्स्चेंज काही वर्षांतच जगातील सर्वांत मोठे बनले. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ होते. त्यांपैकी सुमारे दोन लाख नंतर एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. धनकोंना बिटकॉइनच्या रूपात परतफेड सुरू होण्यास जुलै २०२४ उजाडला. जपानमध्येच जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेक या एक्स्चेंजमधून सुमारे ५३ कोटी डॉलर मूल्याचे कूटचलन चोरीस गेले. ते सतत इंटरनेटला जोडलेल्या, म्हणजे 'हॉट' वॉलेटमध्ये ठेवलेले होते. इंटरनेटपासून तोडलेल्या 'कोल्ड' वॉलेटचे महत्त्व या घटनेने अधोरेखित केले.

कॅनडातील क्वाड्रिगासीएक्स या एक्स्चेंजच्या कथेचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. त्याच्या संस्थापकाचे डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे निधन झाले आणि किल्ल्या केवळ त्यांनाच ठाऊक होत्या, असे कंपनीतर्फे सांगण्यात आले. परंतु ग्राहकांचा बराचसा पैसा संस्थापकाने फसवणुकीच्या व्यवहारांत आधीच घालविला होता, असा निष्कर्ष ऑन्टारियो सिक्युरिटीज कमिशनने जून २०२० मध्ये काढला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळलेल्या एफटीएक्समध्येही ग्राहकांच्या ठेवी भगिनी कंपनीकडे वळविल्या गेल्या होत्या. तिचे संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड यांना मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. पडद्यावर दिसणारी शिल्लक हे कंपनीचे आश्वासन असते, ती खातेवहीतील मालकी नव्हे, हे या सर्व घटनांचे समान सूत्र आहे.

६. तिसरा टप्पा : बारा शब्द आणि स्वतंत्र साधन
माउंट गॉक्सच्या पतनाच्या सुमारास स्वतःजवळ किल्ली ठेवण्याचे तंत्र सुधारले. २०१२ मध्ये एकाच बीजापासून असंख्य किल्ल्या निर्माण करण्याची पद्धत मांडली गेली. २०१३ मध्ये ते बीज २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतील १२ किंवा २४ शब्दांत लिहिण्याचा प्रस्ताव आला. यामुळे सामान्य माणसास अगम्य अंकांऐवजी साधे शब्द क्रमाने लिहून ठेवता येऊ लागले. २०१४ मध्ये प्राग येथील कंपनीचे ट्रेझर हे साधन ग्राहकांच्या हाती पडले आणि पुढे फ्रान्समधील लेजर कंपनीची साधने आली. अशा साधनात किल्ली आतच राहते, सहीही आतच होते आणि संगणकाकडे केवळ सही केलेला व्यवहार जातो. संगणक रोगग्रस्त असला तरी किल्ली बाहेर पडत नाही. याशिवाय एकाहून अधिक किल्ल्यांच्या संमतीनेच रक्कम हलेल, अशी बहुस्वाक्षरी पद्धतही २०१२ पासून वापरात सुलभ झाली.

तथापि धोका संपला नाही. तो यंत्रातून माणसाकडे सरकला. ज्याने बारा शब्द वाचले, त्याला साधनाची गरजच उरत नाही. ते शब्द फोनच्या छायाचित्रात वा इंटरनेटवरील साठवणीत ठेवणे किती घातक असते, याचे उदाहरण चोरांनीच घालून दिले. ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून १,१९,७५६ बिटकॉइन चोरीस गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी त्यांपैकी ९४,००० हून अधिक परत मिळविले. आरोपीने किल्ल्यांची यादी इंटरनेटवरील साठवणीत ठेवली होती व ती उलगडण्यात यंत्रणांना यश आले. दुसरीकडे, २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि डिसेंबरमध्ये सुमारे २,७२,००० ग्राहकांची नावे, टपाली पत्ते व दूरध्वनी क्रमांक उघड झाले. साधने अभंग राहिली, पण ती कोणाच्या घरी आहेत हे चोरांस कळले. त्यानंतर या ग्राहकांना बनावट पत्रांचा व संदेशांचा त्रास सुरू झाला.

७. भारतीय संदर्भ
भारतीय रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी आभासी चलनांविषयी जनतेस प्रथम सावध केले. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांत सेवा देण्यास मनाई झाली. परिणामी वापरकर्ते व्यक्ती-व्यक्तींमधील थेट व्यवहारांकडे वळले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरविले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का करकपात लागू झाली. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने एक्स्चेंजना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणले. या क्रमात शासनाचा महसूल व गुन्हे-तपास यांची सोय झालेली दिसते. परंतु ठेव विम्यासारखे संरक्षण वापरकर्त्यास मिळालेले नाही. कर भरला म्हणजे संपत्ती सुरक्षित झाली, हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो.

महाराष्ट्रातील दोन प्रकरणे येथे बोधप्रद आहेत. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये गेनबिटकॉइन या योजनेचा तपास हाती घेतला. दरमहा १० टक्के परताव्याच्या आमिषाने तीत लोकांकडून बिटकॉइन घेतले गेले होते. येथे कोणी किल्ली चोरली नव्हती. लोकांनी आपणहून नाणी दुसऱ्याच्या हवाली केली होती. याच तपासात पोलिसांना तांत्रिक साहाय्य करणाऱ्या दोघा तज्ज्ञांना, तपासातील कूटचलन परस्पर वळविल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये अटक झाली. किल्ली हाताळणाऱ्यावर नजर ठेवण्याची गरज तपास यंत्रणेलाही चुकलेली नाही, हे यावरून दिसते.

दुसरे प्रकरण वझीरएक्स या मुंबईत सुरू झालेल्या एक्स्चेंजचे. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक मूल्याचे कूटचलन चोरीस गेले. कंपनीच्या निवेदनानुसार हे वॉलेट बहुस्वाक्षरी होते. त्याचे सहा स्वाक्षरीकर्ते होते आणि कंपनीचे स्वाक्षरीकर्ते स्वतंत्र साधने वापरीत होते. पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत तफावत होती, असे कंपनीचे म्हणणे होते. ताबासेवा पुरविणाऱ्या कंपनीने मात्र आपल्या यंत्रणेत दोष असल्याचे नाकारले. हा वाद चालू असताना ग्राहकांची खाती गोठली. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये परतफेडीच्या योजनेस मान्यता मिळून व्यवहार पुन्हा सुरू झाले. भारतातील सामान्य ग्राहकास आपल्या पैशाचा निर्णय परदेशी न्यायालयातून कळावा लागला, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

८. व्यवहारातील नवा धोका : दिसते एक, सही दुसऱ्यावर
किल्ली अभंग राहूनही संपत्ती जाऊ शकते, हे अलीकडील घटनांचे वैशिष्ट्य होय. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईस्थित बायबिट एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर मूल्याचे इथर चोरीस गेले. स्वाक्षरीकर्त्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता. प्रत्यक्षात सही भलत्याच आदेशावर झाली. या चोरीमागे उत्तर कोरिया असल्याचे अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर केले.

वैयक्तिक वापरकर्त्याच्या बाबतीत हीच फसवणूक साध्या रूपात घडते. पत्ता लांबलचक असल्याने बहुतेक जण त्याची पहिली व शेवटची काही अक्षरेच पाहतात. चोर तशाच अक्षरांचा पत्ता तयार करून त्यावरून नगण्य रकमेचा व्यवहार करतो. तो पत्ता वापरकर्त्याच्या मागील व्यवहारांच्या यादीत जाऊन बसतो आणि पुढील वेळी तेथूनच उचलला जातो. मे २०२४ मध्ये या युक्तीने एका व्यक्तीचे सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर एकाच व्यवहारात गेले. पुढे वाटाघाटींनंतर ते परत मिळाले, परंतु असे क्वचितच घडते.

९. दैनंदिन वापरासाठी बोध
उपरोक्त इतिहासातून पुढील बाबी निष्पन्न होतात.
१) एक्स्चेंजवर केवळ खरेदी-विक्रीपुरती रक्कम ठेवावी. दीर्घकाळ ठेवावयाची रक्कम स्वतंत्र साधनावर, तर किरकोळ वापराची रक्कम फोनमधील वॉलेटमध्ये असावी.
२) बारा वा चोवीस शब्द हाताने लिहून किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत. त्यांचे छायाचित्र काढू नये आणि ते कोणत्याही संकेतस्थळावर भरू नयेत. ग्राहकसेवेच्या नावाने शब्द विचारणारा इसम फसविणाराच असतो.
३) साधन थेट निर्मात्याकडून घ्यावे. शब्द आधीच लिहून आलेले साधन कदापि वापरू नये. मोठी रक्कम ठेवण्यापूर्वी शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभे राहते का, हे अल्प रकमेवर तपासावे.
४) पाठविण्यापूर्वी संपूर्ण पत्ता साधनाच्या पडद्यावर ताडून पाहावा, तो मागील व्यवहारांच्या यादीतून उचलू नये आणि प्रथम लहान रक्कम पाठवावी.
५) एक्स्चेंजच्या खात्यास वेगळा परवलीचा शब्द असावा. दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीसाठी एसएमएसऐवजी स्वतंत्र ॲप वापरावे, कारण सिमकार्डची फसवून नक्कल मिळविण्याचे प्रकार सर्वत्र आढळतात.
६) किल्लीची व्यवस्था विश्वासू वारसास समजेल अशी करावी, अन्यथा धन्याबरोबर धनही जाते.
७) आपल्याकडील रकमेची वाच्यता टाळावी, करासाठी व्यवहारांच्या नोंदी ठेवाव्यात आणि फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी.

१०. निष्कर्ष
कूटचलनाच्या वर्तुळात किल्ली आपली नसेल तर नाणेही आपले नाही, असे वारंवार म्हटले जाते. माउंट गॉक्स ते वझीरएक्सपर्यंतचा इतिहास या विधानास पुष्टी देतो. परंतु न्यूपोर्टची कचराभूमी हेही सांगते की किल्ली केवळ आपली असल्याने नाणे टिकत नाही. स्वतःची बँक होणे म्हणजे बँकेची पहारा, नोंद, पडताळणी व वारसा ही सर्व कामे स्वतः करणे होय. ज्यास हे शक्य नाही, त्याने तेवढी संपत्ती येथे ठेवू नये, हाच सुज्ञपणा ठरतो. त्याचबरोबर ही जबाबदारी एकट्या वापरकर्त्याची मानणे अन्यायाचे आहे. अकोल्याची बँक बुडाली तेव्हा ठेवीदारांनी सावध राहावयास हवे होते, एवढे बोलून राज्यसंस्था थांबली नाही. तिने कायदा केला. कूटचलनावर कर आकारणाऱ्या व्यवस्थेने ग्राहकांची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवणे, तिची स्वतंत्र तपासणी करणे आणि पतनाच्या प्रसंगी दाद मागण्यास देशातच जागा देणे, ही पावले उचलणे आवश्यक आहे. तोपर्यंत वापरकर्त्याला स्वतःच्या दक्षतेवरच विसंबावे लागेल.